खुनाचं कारण पहिल्याच दिवशी कसं काय छापता?

संपादक महोदय,

नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका तरुण पोराच्या खुनाची बातमी होती. घटना रात्रीची, पेपर सकाळी दारात, आणि तेवढ्या वेळात हेडिंगमध्ये कारण पण छापून आलं, 'जुन्या वैमनस्यातून'. मी त्या पोराला ओळखत नाही, त्याच्या घरच्यांना पण नाही, पण ते दोन शब्द वाचले आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही म्हणून हे लिहून राहिली.

माझ्या धाकट्या भावाचा २०२२ मध्ये खून झाला. घराजवळच्या पानठेल्यासमोर. खर्रा घोटायला सांगून उभा होता, बाजूला दोन पोट्ट्यांचं आपसात काहीतरी सुरू होतं, हा मध्ये पडला, "जाऊ दे ना बे, घरी जा" एवढंच म्हणाला, आणि त्यातल्या एकाने चाकू काढला. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, ठेलेवाल्याच्या जबाबात आहे, चार्जशीटमध्ये आहे. पण दुसऱ्या दिवशी पेपरात काय होतं तर 'दोन गटांतील वर्चस्वाच्या वादातून तरुणाची हत्या'. कोणता गट आणि कसलं वर्चस्व? तो स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर बसायचा, त्याचा गट म्हणजे दुकानातलीच तीन-चार पोरं, जी रविवारी सावजी खायला सोबत जायची. सगळ्याच पेपरांत थोड्याफार फरकाने हेच होतं, त्यामुळे एकट्या तुम्हालाच दोष देत नाही. पत्र मात्र तुम्हाला लिहिते कारण आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून तुमचाच पेपर येतो.

तुम्हाला वाटेल की एका हेडिंगचं एवढं काय. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमधून बॉडी मिळायला दुपार झाली, तोवर ते कात्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून झालं होतं. तेरवीपर्यंत लोकं येत राहिली, आईजवळ बसून रडायची, आणि बाहेर गेटजवळ चपला घालता घालता माझ्या नवऱ्याला हळूच विचारायची, "जावईबापू, तसं काही होतं का आधीपासून?" काही नव्हतं म्हटलं की मान हलवायची, पण चेहऱ्यावरून कळायचं की विश्वास बसलेला नाही, कारण पेपरात छापून आलंय ना. भाची तेव्हा चौथीत होती, तिला व्हॅनमधल्या एका पोराने विचारलं की तुझे पप्पा गुंडे होते का. माझी भावजय नंतर कामाला लागली, तिथेही कोणीतरी मोबाईलवर नाव टाकून पाहिलं. आजही टाका, तीच बातमी सगळ्यात वर येते. चार्जशीटमध्ये काय निघालं ते कोणीच छापलं नाही त्यामुळे ते वर यायचा प्रश्नच नाही.

मला माहीत आहे की तुमचे रिपोर्टर मनाने लिहीत नाहीत, रात्री ठाण्यात फोन लावतात, ड्युटीवर जो असेल तो त्याला जे वाटतं ते सांगतो, आणि मग 'पोलिस सूत्रांनुसार' म्हणून छापलं जातं. पण त्या रात्री ठेलेवाल्याचा जबाब सुद्धा झाला नव्हता. मग कारण कोणाला कळलं? याच गोष्टीवर सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं होतं की पोलिसांनी मीडियाला माहिती कशी द्यायची याचे नियम तीन महिन्यांत तयार करा, आणि त्यात आरोपीबरोबर पीडितांच्या खाजगी आयुष्याचा पण विचार व्हावा. नियम कागदावर कुठवर पोचले ते पोलिसांनी बघावं, पण हेडिंग तर तुमच्याच ऑफिसात बनतं ना, तिथे कोणत्या आदेशाची वाट पाहायची?

सरकारी आकड्यांत तरी कारण कसं लिहितात ते पाहिलं. एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था, तिच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, त्यातले ९,९६२ 'वाद' या रकान्यात आणि ३,७६१ 'वैमनस्य' मध्ये. म्हणजे सगळ्यात मोठा रकाना नुसता 'वाद', त्यात जमिनीची भांडणं पण आली आणि पाण्याच्या बादलीवरून झालेली पण. दुसऱ्याचं भांडण सोडवायला गेला आणि मेला, असा रकाना काही मला दिसला नाही, आणि तेही मी समजू शकते, देशभराचा हिशोब आहे. पण पेपर म्हणजे काही तक्ता नाही.

आता कोर्टाचं सांगते, कारण हेडिंग तिथपर्यंत मागे आलं. केसचं नाव 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढे आरोपीचं नाव, त्यात माझ्या भावाचं नाव कुठेच नाही. पहिल्यांदा बोर्डावर वाचलं तेव्हा आई म्हणाली, आपला कुठे आहे यात? सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात आम्ही तारखेला जातो, कधी आरोपीला आणलेलं नसतं, कधी साहेब रजेवर, कधी वकिलांना दुसऱ्या कोर्टात जायचं असतं, आणि आम्ही डबा खाऊन परत. आईची साक्ष झाली त्या दिवशी आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं की तुमचा मुलगा कोणत्या गटात होता. आईला प्रश्नच समजला नाही. त्यांनी परत विचारलं, पेपरात तर आलं होतं म्हणाले. जजसाहेबांनी तिथेच थांबवलं की पेपरातली बातमी हा पुरावा नाही. बरं वाटलं, पण तोवर आई कठड्याला घट्ट धरून उभी होती आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "तो दही आणायला पण मला सांगून जायचा, गटात मला न सांगता कसा जाईन?"

ओळखीचे काही जण सुरुवातीला म्हणायचे, कोर्टाच्या भानगडीत पडता काहून, आपल्या नागपुरात त्या गुंड अक्कू यादवचं काय झालं माहीत नाही का. माहीत आहे. १३ ऑगस्ट २००४ ला भर कोर्टात बायकांनी त्याला जिवे मारलं, कारण पोलिस ऐकतील यावर त्यांचा भरोसा उरला नव्हता. त्या बायकांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण आमच्या घरात वडिलांनी ठरवलं की आपण तारखांना जायचं, आणि आम्ही जातो.

जाता जाता बाकी गोष्टी पण कळल्या, त्या लिहून ठेवते, कोणाच्या कामी येतील. भावाची गाडी ठाण्यात मुद्देमालात, म्हणजे केसमधल्या जप्त वस्तूंत जमा होती, पावसाळा आला, सीटवर शेवाळ चढलं. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय की जप्त गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, फोटो-पंचनामा करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची हमी लिहून घेऊन देऊन टाका, पण अर्ज केल्याशिवाय कोणी देत नाही. गाडी मिळाली. मोबाईल अजून मुद्देमालातच आहे आणि भाचीच्या वाढदिवसाचे सगळे फोटो त्यातच. नुकसानभरपाईची सरकारी योजना आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो, हे आम्हाला ना ठाण्यात कोणी सांगितलं ना अजून कुठे, कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या एका बाईने सांगितलं जिच्या मुलीची केस बाजूच्या कोर्टात सुरू होती. आरोपीने जामीन मागितला तेव्हा आम्हाला वाटलं आपल्याला कोण विचारतं, पण लखीमपूर खिरीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की पीडिताच्या घरच्यांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, मग आम्ही पण वकील लावला. घरच्यांचा वकील सरकारी वकिलाला मदत करू शकतो, केस स्वतः चालवू शकत नाही, हे आधी समजून घ्या, नाहीतर फी देऊन वर चिडचिड होते. आणि उद्या आरोपी सुटला तर अपील करायचा हक्क घरच्यांना पण आहे. आमचा गुन्हा ३०२ चा, जुन्या कायद्यातला. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं १०३ लागतं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या दुसऱ्या नवीन कायद्याच्या कलम १९३ मध्ये पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला किंवा पीडिताच्या घरच्यांना कळवायचं आहे, मोबाईलवर कळवलं तरी चालतं. ज्यांच्या घरी आता असं झालं आहे त्यांनी ते मागून घ्यावं, आपणहून येईल याची वाट पाहू नये.

तर माझं मागणं एवढंच. खुनाची बातमी छापू नका असं मी म्हणत नाही, छापा, पहिल्या पानावर छापा. फक्त कारणाच्या जागी तपास पूर्ण होईपर्यंत 'तपास सुरू' लिहा. 'वैमनस्यातून', 'वर्चस्वातून', बाई असली की लगेच 'अनैतिक संबंधातून', हे पहिल्या दिवशी लिहू नका, कारण मेलेला माणूस तुम्हाला खुलासा पाठवू शकत नाही. आणि चार्जशीटमध्ये वेगळं निघालं तर ते पण तेवढ्याच टायपात छापा, निदान इंटरनेटवरच्या जुन्या बातमीखाली एक ओळ तरी टाका, त्याला तर कागदही लागत नाही. 'उपराजधानी हादरली' हे राहू द्या, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

केस सुरू आहे आणि दोन साक्षीदार अजून बाकी आहेत, त्यामुळे माझं नाव छापू नये ही विनंती. पत्ता आणि मोबाईल नंबर वेगळ्या कागदावर दिला आहे, भावाच्या बातमीचं कात्रण आणि चार्जशीटच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, तुमच्या रिपोर्टरला दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगा.

एक वाचक,
मानेवाडा रोड, नागपूर