घाई करणाऱ्याला 'विलंबा'चा दंड कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे बदलते नियम या विषयावर आपल्या क्रीडा पानावर आलेलं टिपण वाचलं. इतक्या दूरच्या खेळाला आपण जागा दिलीत याचा आनंद झाला. पण 'खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी खेळाचा वेग आवरला जात आहे' हे त्यातलं वाक्य मला पटलेलं नाही. इथे बारा वर्षं हेच वाक्य वापरून वाद घातला जातो आहे, आणि तो वाद मी जवळून पाहिला आहे.

मी मूळचा सांगलीचा. एम.एस. करायला ऑबर्न विद्यापीठात आलो आणि अलाबामातच स्थायिक झालो. ऑबर्न हा वेगाने खेळणारा संघ म्हणून ओळखला गेला, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, यात मुख्यतः चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे सरकायचं असतं. एक चाल संपली की 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं आणि तेवढ्या वेळात पुढची चाल सुरू करावी लागते. बरेच संघ मधल्या वेळात घोळका करून पुढचं ठरवतात, त्याला हडल म्हणतात. काही संघ हडल करतच नाहीत. बाकावरून खूण येते, गडी जागेवर उभे राहतात, चेंडू पायांमधून मागे जातो आणि दहा-पंधरा सेकंदांत नवी चाल सुरू झालेली असते. आक्रमण करणाऱ्या संघाने गडी बदलला तर बचाव करणाऱ्यांनाही बदलायला वेळ द्यावा लागतो, पंच तोवर चेंडूपाशी उभा राहतो. पण आक्रमकांनी कुणालाच बदललं नाही, तर समोरचे अकरा जण दमलेले असले तरी मैदानात अडकतात. या डावपेचाची सगळी ताकद त्यातच आहे.

2014 च्या फेब्रुवारीत एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांतल्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या संघटनेच्या, फुटबॉल नियम समितीने प्रस्ताव आणला की 40 पैकी पहिली 10 सेकंदं चेंडू खेळायचाच नाही, म्हणजे बचावाला गडी बदलता येतील. कुणी त्याआधी खेळला तर 5 यार्डांचा दंड. या दंडाचं नाव होतं 'खेळास विलंब'! लवकर खेळला म्हणून विलंबाचा दंड! आपल्याकडे कबड्डीत चढाईला 30 सेकंदं असतात आणि वेळ घालवणारा बाद होतो. क्रिकेटमध्ये आता दोन षटकांच्या मध्ये 60 सेकंदांचं घड्याळ लावलं जातं आणि दोन ताकिदींनंतरही रेंगाळणाऱ्या संघाला 5 धावांचा भुर्दंड पडतो. चपळाईसाठी दंड सुचवलेला मी तरी दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकलेला नाही.

समितीसमोर वेगाविरुद्ध बोलायला गेलेल्यांत अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन आणि अर्कान्सा विद्यापीठाचे ब्रेट बिलेमा हे प्रशिक्षक होते. सेबन तर 2012 पासूनच, फुटबॉल असाच व्हायला हवा आहे का, असं जाहीरपणे विचारत होते. त्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. चाली वाढल्या की धडका वाढतात आणि धडका वाढल्या की दुखापतींचा धोका वाढतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या वर्षी नियम बदलण्याचं चक्र नव्हतं. त्या वर्षात फक्त सुरक्षिततेच्या कारणाखालीच बदल करता येत होता. म्हणजे दार एकच उघडं होतं आणि प्रस्ताव त्याच दारातून आला. वेगवान संघांच्या खेळाडूंना किंवा त्यांच्यासमोर खेळणाऱ्यांना जास्त दुखापती होतात, हे दाखवणारे आकडे मात्र पुढे आले नाहीत.

शिवाय सामन्याच्या प्रत्येक अर्ध्यातली शेवटची दोन मिनिटं या नियमातून वगळली होती. गडी सर्वात जास्त थकलेले असतात ते तेव्हाच. वेग खरोखर जिवावर बेतणारा असेल तर नेमक्या त्याच दोन मिनिटांत तो कसा चालतो? आणि समितीच्याच म्हणण्यानुसार वेगवान संघसुद्धा पहिल्या दहा सेकंदांत क्वचितच चेंडू खेळतात. मग दंड कुणासाठी ठेवायचा होता? देशभरातल्या प्रशिक्षकांनी आरडाओरडा केला आणि 5 मार्च 2014 रोजी समितीने प्रस्ताव बाजूला ठेवला.

आमच्या राज्यात त्या प्रस्तावाकडे कसं पाहिलं गेलं ते कळायला जेमतेम अडीच महिने मागे जावं लागेल. 2012 च्या हंगामात ऑबर्न 12 पैकी 3 सामने जिंकला होता. गस माल्झान प्रशिक्षक म्हणून आले आणि बहुतांशी त्याच पोरांना त्यांनी हडलशिवाय, भराभर खेळायला लावलं. 2013 मध्ये तोच संघ 12 सामने जिंकून थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला आणि तिथे फ्लोरिडा स्टेटकडून 34-31 असा हरला. त्या वाटेवर 30 नोव्हेंबरला सेबन यांच्या अलाबामाशी गाठ पडली. धावफलक 28-28. वेळ संपल्याचं घड्याळ दाखवत होतं, पण फेरतपासणीत एक सेकंद परत मिळाला. त्या एका सेकंदात अलाबामाने 57 यार्डांवरून गोलखांबांकडे किक मारली. ती तोकडी पडली, आणि गोलखांबांखाली थांबलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलून अख्खं मैदान पार केलं आणि सामना ऑबर्नने जिंकला. मी घरी टीव्हीसमोर उभा होतो. हिने स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

या घटनेची सल म्हणून प्रस्ताव आला असं मी म्हणणार नाही, कारण सेबन यांचा आक्षेप त्याच्या आधीपासूनचा होता. पण ज्यांच्याकडे आडदांड आणि निवडक पोरांची रांग लागते, त्यांना दर चालीला ताजा गडी उतरवता आला तर त्याहून बरं काय? ज्यांच्याकडे ती रांग नाही, त्यांच्या हातात वेग असतो. तो काढून घेतला की उरतं काय? पुढे सेबन यांनी काय केलं तेही सांगायला हवं. नियम मिळाला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या संघाचं आक्रमण बदललं, मोकळं आणि जलद केलं, आणि 2015, 2017 आणि 2020 च्या हंगामांची विजेतेपदं पटकावली. एवढा मोठा माणूस नव्याने शिकला याचं मला मनापासून कौतुक आहे.

आता सुरक्षिततेविषयी. मुलगी शाळेच्या बँडमध्ये वाजवायची तेव्हा शुक्रवारच्या सामन्यांना मी साखळी धरायला जायचो. संघ 10 यार्ड पुढे सरकला का हे मोजायला दोन काठ्यांना 10 यार्डांची साखळी असते, तिसऱ्याच्या हातात कितवा प्रयत्न हे दाखवणारी पाटी, आणि आम्ही साखळीवर पाच यार्डांच्या रेघेशी एक चिमटा लावतो, म्हणजे मोजणीला मैदानात गेलो तरी जागा चुकत नाही. सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी समोरची छोटी शाळा हडलशिवाय खेळत होती. आम्हाला धावताना धाप लागत होती. माझ्यापासून सात-आठ पावलांवर आमच्या शाळेचा एक धिप्पाड मुलगा कमरेवर हात ठेवून उभा होता, तोंडातलं दातरक्षक त्याने अर्धवट बाहेर काढलं होतं आणि डोळे बाकाकडे लागले होते. बाकावरून कुणी हात वर केला नाही. दोन चालींनंतर मात्र त्याच्या प्रशिक्षकाने टाइमआउट घेतला आणि त्याला बाहेर काढलं. पाणी प्यायला, टॉवेल डोक्यावर घेऊन बसला, थोड्या वेळाने परत आला.

तो चेहरा मी विसरलेलो नाही, म्हणूनच सुरक्षिततेचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण टाइमआउट हातात होते, बाकावर पोरंही होती. नजर ठेवायचं काम प्रशिक्षकाचं होतं आणि त्याने ते उशिरा का होईना, केलं. 2014 मध्ये बिलेमा यांनी वेगाविरुद्ध बोलताना कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका खेळाडूच्या ताज्या मृत्यूचा दाखला दिला होता. तो मुलगा सामन्यात गेलेला नव्हता, हंगाम संपल्यावरच्या व्यायामात धावताना गेला होता. 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठातला मुलगा उष्माघाताने गेला तोही सरावानंतर. तिथे ना विरोधी संघ होता, ना 40 सेकंदांचं घड्याळ. जीव वाचवायचे तर आधी या सरावांकडे पाहायला हवं.

घड्याळ कापण्याचे प्रयत्न 2014 च्या आधीही झालेत. 2006 मध्ये सामने आटोपशीर करायला असा नियम आला की सुरुवातीच्या किकला पाय लागताच सामन्याचं घड्याळ चालू. तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये असलेल्या याच बिलेमा यांनी पेन स्टेटविरुद्ध अर्धा संपता संपता आपल्या गड्यांना किकआधीच पुढे पळवलं. किक पुन्हा घ्यावी लागली आणि सेकंद आयतेच जळाले. पुढच्या हंगामात तो नियम गेला.

2023 मध्ये मात्र मोठा बदल झाला आणि टिकला. पहिला डाउन मिळाला, म्हणजे 10 यार्ड पुढे सरकून संघाला नवे प्रयत्न मिळाले, की सामन्याचं घड्याळ थांबायचं, 1968 पासूनची ती रीत होती. आता ते फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. साखळी धरलेल्या माणसाला ते थांबणं काय होतं विचारा: चेंडू नीट ठेवला जायचा, आम्ही जागेवर पोचायचो. शाळांच्या सामन्यात ते अजून थांबतं. मोठ्या कॉलेजांत ते का काढलं? चाली कमी व्हाव्यात, खेळाडूंच्या अंगावरचा मारा कमी व्हावा म्हणून. मग पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, अजिंक्यपदासाठी चारऐवजी बारा संघ घेतले. ऑबर्न 2013 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत 14 सामने खेळला होता. 2024 चा विजेता ओहायो स्टेट 16 खेळला. त्याच वर्षी दोन मिनिटं उरली असताना एक सक्तीची विश्रांती आली, आणि टीव्हीवर तेवढ्या वेळात जाहिराती लागतात. सामन्यातून मूठभर चाली काढायच्या आणि हंगामाला दोन सामने जोडायचे, हा हिशेब सुरक्षिततेच्या खात्यावर मला मांडता येत नाही. टिपणातल्या त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो तो यामुळे.

एका नियमाचं मात्र मी मोकळेपणाने स्वागत करतो. वेगवान आक्रमण रोखायला धडधाकट गडी लोळण घेतात आणि डॉक्टर धावत येईपर्यंत बाकीचे दम खातात, ही जुनी खोड आहे. 2010 मध्ये ऑरेगॉनविरुद्ध असं खोटं पडायला सांगितल्याबद्दल कॅलिफोर्नियाच्या एका सहायक प्रशिक्षकाला त्याच्याच विद्यापीठाने निलंबित केलं होतं. 2025 पासून नियम असा की पुढच्या चालीसाठी चेंडू ठेवून झाल्यावर गडी पडला आणि वैद्यकीय मदत आत आली, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो; उरलाच नसेल तर 5 यार्ड. खरंच दुखावलेल्याला मदत मिळतेच, तिला कुणी अडवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सामन्याची लांबी कमी करायची असेल तर तसं सांगावं, मोठ्या संघांची सोय करायची असेल तर तेही सांगावं, आणि सुरक्षिततेचं नाव घ्यायचं असेल तर आधी दुखापतींचे आकडे मांडावेत. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज या कॉलेजांत शिकतात, काही मैदानातही उतरतात. त्यांच्या घरी ही माहिती पूर्ण पोचायला हवी. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा ते वाक्य दुरुस्त करून छापावं, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
हंट्सव्हिल, अलाबामा