खाऊचे पैसे मुलांच्या हातात पडू द्या

मा. संपादक,
स. न.

ठाण्यातल्या चरईत माझे वह्या-पुस्तकांचे आणि स्टेशनरीचे दुकान आहे. शाळा सुटली की काउंटरपुढे पोरांची झुंबड उडते. पण "काका, केवढ्याला?" हा प्रश्न हल्ली फारसा कानावर पडत नाही. मूल वस्तू उचलते, आईचा मोबाइल पुढे येतो, क्यूआर कोड स्कॅन होतो, रक्कम मिळाल्याचे यंत्र बोलून दाखवते आणि व्यवहार संपतो. किती गेले, किती उरले, हे मुलाला कळायला वावच नाही. यूपीआयची सोय मोठी आहे, माझीही बहुतेक विक्री आता त्यावरच होते. तरीही सातवीतला मुलगा पन्नासच्या नोटेतून अठरा रुपये गेल्यावर परत किती घ्यायचे यावर अडखळतो, तेव्हा जीव कासावीस होतो.

मागच्या गल्लीतली पाचवीतली एक मुलगी मात्र दर वेळी भाव विचारते. तिला दर रविवारी खाऊचे पन्नास रुपये मिळतात, ते ती कंपासपेटीत ठेवते. दहाचे नवे पेन घ्यावे की पाचची रिफिल, याचा खल माझ्यासमोर उभी राहून करते. परवा चमकीच्या स्टिकरचे पाकीट बराच वेळ उलटसुलट करून पाहिले, पेटीतली नाणी मोजली आणि पाकीट परत ठेवले. "सोमवारपर्यंत बाजूला ठेवाल ना?" मी ठेवले. तिच्या आईशी विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "मधेच संपले तर वाढवून देत नाही, एवढंच करते."

हे 'एवढंच' सोपे नाही. मूल रडवेले झाले की आपला हात खिशात जातोच. पण पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, रक्कम लहान असू द्या, वार ठरलेला असू द्या आणि मधे भर घालू नका. पैसा वाया गेला तर जाऊ द्या, दहा रुपयांत शिकून होईल. अभ्यासाचे किंवा घरातल्या कामाचे पैसे मात्र देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. ताट उचलून ठेवण्याची मजुरी कसली?

आमच्या लहानपणी शाळेत 'संचयिका' म्हणजे मुलांची बचत बँक होती. चार आणे, आठ आणे भरायचे, वरच्या वर्गातली मुलेच टेबलाशी बसून रक्कम लिहून घ्यायची. आपल्या नावापुढचा आकडा वाढताना पाहण्याची गोडी तिथेच लागली. आज तर याहून चांगली सोय आहे. टपाल कार्यालयात दहा वर्षांवरील मूल स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून स्वतः चालवू शकते, सुरुवातीला ५०० रुपये लागतात आणि व्याज ४ टक्के आहे. रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत आणि मुदत ठेव खाते उघडून चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. किती रकमेपर्यंत, कोणत्या अटींवर, हे प्रत्येक बँकेने ठरवायचे आहे. अशा खात्यातून शिलकीपेक्षा जास्त रक्कम काढता येत नाही, त्यामुळे कर्ज होण्याची भीती नाही. दुकानात येणाऱ्या पालकांना मी हे सांगतो, तर बहुतेकांना पत्ताच नसतो.

ठाणे महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि शहरातल्या खासगी शाळांना विनंती आहे की, जूनमध्ये शाळा सुरू होताना एक दिवस टपाल कार्यालयाच्या किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यांना शाळेत बोलवावे. कोणती कागदपत्रे लागतात ते पालकांना आधी कळवावे आणि पाचवीपासूनच्या मुलांचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. पासबुक मात्र मुलाच्याच हातात द्यावे.

आपला,
एक स्टेशनरी दुकानदार,
चरई, ठाणे (प.)