शाळेच्या फाटकाबाहेरची दहशत

महोदय,

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत राज्य सरकारने कडक आदेश काढले. ते गरजेचेच होते. पण आठवी-नववीतली मुले ज्याला घाबरतात ते बहुतेकदा कॅमेऱ्याच्या टप्प्यात घडतच नाही. खाऊचे पैसे काढून घेणे, स्वच्छतागृहात अडवणे, बसथांब्यावर दमदाटी करणे आणि वर त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकणे, हे सर्रास चालते. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांमध्ये पोलिसांना वारंवार अल्पवयीन मुले सापडली आहेत. ती एका रात्रीत तिथे पोहोचलेली नाहीत. रोज मार खाणारा मुलगा आधारासाठी एखाद्या ‘भाई’च्या मागे उभा राहतो आणि पुढे तोच धाकट्यांना अडवू लागतो.

मुख्याध्यापकांच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेल्या पेटीत चिठ्ठी टाकायला कोणता मुलगा धजावेल? ‘पोरांची भांडणे, मिटतील आपोआप’ ही शिक्षकांची आणि आम्हा पालकांचीही वृत्ती संतापजनक आहे. दांडगाई करणाऱ्याच्या हाती दाखला देऊन मोकळे होणे तर त्याहून घातक, कारण मग तो पूर्णवेळ टोळीचाच होतो.

प्रत्येक शाळेला प्रशिक्षित समुपदेशक द्यावा. शाळा सुटताना बीट मार्शलची, म्हणजे गस्तीवरील पोलिसांची, फेरी ठेवावी. आणि चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक कार्यालयातल्या फलकावर नव्हे, स्वच्छतागृहाच्या दारांवर आतून रंगवावा.

– एक पालक, हडपसर, पुणे