वीणाच्या तपासणीविषयी

रामबाग, इंदूर

प्रिय सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

वहिनींना पेम्फिगस व्हल्गॅरिस हा कातडीवर व तोंडात फोड आणणारा आजार झाल्याचे निश्चित झाल्यापासून तुला तुमच्या लेकीच्या, वीणाच्या, लग्नाची काळजी लागली आहे, आणि स्थळाकडच्यांनी विचारण्याआधी तिची जनुकीय तपासणी करून घ्यावी का, असे तू विचारले आहेस. करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या त्वचेच्या पेशी एकमेकींना डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी जखडलेल्या असतात. या आजारात शरीर त्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते, पेशींची पकड सुटते आणि त्या फटीत पाणी साचून फोड येतो. म्हणूनच तो इतका लेचापेचा असतो, की कुशीवर वळताना चादर घासली तरी फुटतो, आणि भोवतालची धड दिसणारी कातडीही बोटाने दाबून सरकवली तर सुटून येते. रुग्णांच्या रक्तातील ही प्रतिपिंडे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्येच दाखवून दिली होती. हा संसर्ग नव्हे. वहिनींचे ताट-भांडे वेगळे ठेवणे आधी बंद कर.

आता आनुवंशिकतेचे. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए हा जनुकसमूह आहे. त्यातील काही जनुकांपासून बनणारी प्रथिने इतर प्रथिनांचे तुकडे धरून संरक्षक पेशींपुढे मांडतात, आणि त्यांचे काही प्रकार डेस्मोग्लीनचे तुकडे विशेष घट्ट धरतात. अश्केनाझी (मूळच्या मध्य व पूर्व युरोपातील) ज्यू रुग्णांत डीआरबी१*०४:०२, तर भारतीय व इतर अनेक आशियाई रुग्णांत डीक्यूबी१*०५:०३ हा प्रकार अधिक आढळतो. परंतु हेच प्रकार असंख्य निरोगी माणसांतही असतात. वहिनींकडे असलेल्या या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक अशी असेल, तर ती वीणाकडे येण्याची शक्यता निम्मी. आली तरी आजार होण्याची शक्यता फारच थोडी. एका घरात दोघांना पेम्फिगस होणे विरळाच. ब्राझीलच्या काही ग्रामीण भागांत मात्र याच कुळातला फोगो सेल्वाजेम हा आजार एकाच कुटुंबातील अनेकांना होतो. पण तेथेही एचएलएच्या जोडीला चावणाऱ्या माश्यांसारख्या कीटकांवर संशय आहे, म्हणजे नुसते जनुक पुरत नाही.

तेव्हा तपासणीतून वीणाच्या उपयोगाचे काहीच निघणार नाही. अहवाल 'आहे' असा आला, तरी आजार टाळण्याचे औषध नाही. स्थळाकडची मंडळी मात्र तो अहवाल पत्रिकेतल्या मंगळासारखा वाचतील. (ग्वाल्हेरची आपली मंडळी तर नक्कीच!) आईचा आजार लपवू नका, विचारल्यास सरळ सांगा. तोंडात बरेच दिवस न भरणारे छाले आले, तर वीणाने त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण या आजाराची सुरुवात बहुधा तेथूनच होते. तिच्यापुरती एवढी दक्षता पुरे.

खरी काळजी वहिनींची घ्यायला हवी. फोड कमी दिसले म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम थांबवू देऊ नकोस. डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडे तयार होण्यास कारणीभूत पेशी कमी करणारे औषध) सुचवले आहे, ते योग्यच आहे. फक्त ते देण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाच्या तपासण्या झाल्या आहेत ना, हे विचारून घे आणि मला कळव.

तुझा,
अरविंद