बालवर्गाच्या शैक्षणिक साहित्याबाबत सूचना

बडोद्यातील दांडिया बाजार परिसरातील आपल्या बालवर्गाच्या सर्व सभासद पालकांना व ताईंना कळविण्यात येते की, येत्या शनिवारपासून अंकओळख पाटीवर गिरवून न घेता आधी हाताळण्याच्या वस्तूंनी घेतली जाईल. दहा मण्यांची एक सर आणि अशा दहा सरी मिळून शंभर, हा माँटेसरी पद्धतीतील क्रम मुलाला संख्या हातात धरून अनुभवायला देतो; एरवी वीसपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल वीस चिंचोके मोजून देताना अडखळते, हे ताईंच्या परिचयाचे आहेच. खरकागदाची (खरखरीत कागदातून कापलेली) अक्षरे बोटाने गिरवताना बोट लिहिण्याच्या दिशेनेच फिरते आहे ना, याकडे कृपया लक्ष द्यावे.

बाजारातील महागडे संच कोणीही आणू नयेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील स्वस्त वस्तूंपासूनच साधने घडवली होती, आणि आपल्याकडे तर मांडवीत मणी व दोरा सहज मिळतो. चिंचोके, काड्यापेट्या, कापडाचे तुकडे आणि झाकणाचे डबे स्वच्छ करून शुक्रवारी सायंकाळपर्यंत वर्गात पोहोचवावेत. तीन वर्षांखालील मुले लहान वस्तू तोंडात किंवा नाकात घालतात, म्हणून मणी व चिंचोके त्यांच्या हाती मुळीच देऊ नयेत. त्यांच्यासाठी मोठे लाकडी ठोकळे वेगळे ठेवले आहेत.