मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयात मिळाली पाहिजेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आत्महत्यांची आकडेवारी आली की दोन दिवस चर्चा होते आणि मग विषय मागे पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यातले २२,७४६ जण आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. देशभरातल्या या मृतांमध्ये दर चौघांत किमान एक जण रोजंदारीवर पोट भरणारा होता. सोलापूरच्या निम्म्या वस्त्या रोजंदारीवरच उभ्या आहेत, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझं पूर्व भागात औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणारं आणि घरी विड्या वळणाऱ्या बायांचं. बीपीची, शुगरची गोळी लोक मोठ्याने मागतात. डोक्याच्या गोळीची चिठ्ठी मात्र घडी घालून मुठीत धरतात, दुकानातली गर्दी सरली की पुढे करतात. काही जण ओळखीचं कुणी दिसलं की तसेच माघारी जातात.

एका विडी कामगार बाईंचा मुलगा मागावर होता. मागाच्या खडखडाटात कुणीतरी आपलं नाव घेऊन शिव्या देतंय, असं तो म्हणायला लागला. घरच्यांनी बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून देवऋषी केला, अमावास्या धरल्या, अंगारे-धुपारे केले. त्यात वर्ष गेलं. शेवटी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पोरगा खरोखर सुधारला, पुन्हा पाळीवर जायला लागला. मग दवाखान्याच्या खिडकीवर गोळ्या संपल्या आणि ‘बाहेरून घ्या’ असं सांगितलं गेलं. ती माउली माझ्याकडे यायची. ‘काका, आठच दिवसांच्या द्या,’ म्हणायची, कारण विड्यांचे पैसे आठवड्याने हातात यायचे. मी पट्टी कापून द्यायचो. पुढे एखादा आठवडा चुकायला लागला. ‘आता बरा हाय की तो, कशाला उगं गोळ्या,’ असं घरात ठरलं आणि गोळ्या बंद झाल्या. काही महिन्यांत सगळं पहिल्यासारखं झालं, उलट जास्तच. असे गिऱ्हाईक मी एकच पाहिलेलं नाही. या आजारात औषध मध्येच सुटलं की आजार उलटतो, हे डॉक्टर बजावून सांगतात. पण जे मिळतच नाही ते चालू कसं ठेवायचं?

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांवर उपचारच होत नव्हते. त्याच सर्वेक्षणात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाण केरळात १.२, तर मध्य प्रदेशात ०.०५ होतं. एकाच देशात हा फरक चोवीसपट आहे. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. सर्वाधिक आत्महत्या होणारा महाराष्ट्र त्या बारांत नव्हता.

राज्याच्या आतही तेच चित्र आहे. आजवर चालत आलेली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आमच्या माणसाला भरती करायचं तर येरवडा, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, गावागावांत आशाताईंकडून पाहणी करून खचलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोचायचं ठरलं. योजना फार चांगली. सुरुवातीच्या १४ जिल्ह्यांत मराठवाडा आणि विदर्भ होता, आणि तिथली गरज कुणीही नाकारणार नाही. पण धाराशिव त्या यादीत आणि त्याला लागून असलेला आमच्या जिल्ह्यातला बार्शी तालुका यादीबाहेर! दोन्हीकडे तेच सोयाबीन, तेच कर्ज, पावसाची तीच ओढ. शिवेच्या अलीकडच्या शेतकऱ्याचं मन काय वेगळं असतं? जिल्ह्याचं नाव पाहून मदत ठरवली की असंच होणार.

आता मुद्द्याचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की, अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. ‘सर्व काळ’ हे शब्द महत्त्वाचे. जिल्ह्यात किमान सेवाच नसेल तर तिथल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा, हेही त्याच कलमात आहे. करमाळ्याच्या माणसाने महिन्याच्या गोळ्यांसाठी दिवसाची मजुरी बुडवून शंभराहून अधिक किलोमीटर सोलापूरला यावं, हे या कायद्यात बसत नाही.

आणि हे अशक्यही नाही. आपल्यासारख्याच कोरडवाहू बळ्ळारी जिल्ह्यात निमहान्सने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरांना शिकवून ही औषधं गावाजवळ देऊन दाखवली. त्यावरूनच १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. म्हणून जिल्हा नियोजन समितीला आणि आमदारांना माझी विनंती आहे. आपल्या अकराही तालुक्यांत आठवड्यातला एक ठरलेला वार मानसिक आजारांच्या बाह्यरुग्ण विभागाला द्या आणि औषधांचा किमान तीन महिन्यांचा साठा तिथे ठेवा. कुठली औषधं शिल्लक आहेत ते बाहेर फळ्यावर लिहा, म्हणजे लोकांना हेलपाटा पडणार नाही. पूर्व भागासाठी तेलुगू आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरसाठी कन्नड बोलणारे समुपदेशक नेमा. मनातलं दुःख सांगायला मध्ये दुभाषा बसवला की बाई गप्प होते, नवऱ्याच्या दारूबद्दल तर बोलतच नाही. हे मी दुकानाच्या काउंटरवर पाहतो.

एक मागणं आपल्याकडेही आहे. आत्महत्येची बातमी छापताना ती कशी केली याचं वर्णन देऊ नये, मथळा भडक करू नये, असं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगितलं आहे. ते कटाक्षाने पाळावं. आणि अशा प्रत्येक बातमीखाली टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक छापावा. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास सुरू आहे, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना तो माहीत आहे. मी तो औषधाच्या पाकिटावर पेनाने लिहून देतो. आपला अंक माझ्या दुकानापेक्षा कितीतरी जास्त घरांत जातो.

आपला,
एक औषध विक्रेता,
पूर्व भाग, सोलापूर