क्राईम मीटिंगपेक्षा केस डायरी वाचा

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या आतेभावाच्या घरी चोरी झाली तेव्हा समोरच्या दुकानाचा कॅमेरा थेट त्याच्या दारावरच होता. आम्ही पहिल्याच दिवशी तपासी अधिकाऱ्यांना तो दाखवला, ते हो हो म्हणाले, पण त्यांच्यामागे बंदोबस्त, समन्स, कोर्टाच्या तारखा, त्यामुळे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मशीन, म्हणजे डीव्हीआर, बघायला आले ते १८व्या दिवशी, आणि त्या मशीनवर फक्त १५ दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, म्हणजे त्या रात्रीचं सगळं पुसलं गेलेलं. मला त्या फौजदारांचा राग नाही आला हो, एकटा माणूस कुठे कुठे पुरणार. पण त्या १८ दिवसांत वरच्या एकाही साहेबांनी तपासाची रोज लिहायची केस डायरी उघडून, फुटेज ताब्यात घेतलं का, एवढंसुद्धा विचारलं नाही, याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे देखरेख म्हणजे महिन्याची क्राईम मीटिंग. किती दाखल, किती उघड, किती पेंडिंग. तपास कसा झालाय ते या आकड्यांत दिसतच नाही, मग दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मुदत भरत आली की आरोपीला हक्काचा जामीन मिळू नये म्हणून घाईघाईत दोषारोपपत्र जातं, पंच तेच ते ठरलेले, मुद्देमालाच्या सीलचा मेळ नाही, आणि काही वर्षांनी कोर्टात पंच फितूर झाला की सगळं खापर तपासी अधिकाऱ्यावर.

अधिकार नाहीत असंही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३० नुसार वरच्या अधिकाऱ्याला त्याच्या हद्दीत ठाणेदाराचे सगळे अधिकार आहेत, कलम १९२ मध्ये रोजची डायरी लिहिणं सक्तीचं आहे, झडती-जप्तीचं शूटिंगही आता करावंच लागतं. मग डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) साहेबांनी गंभीर गुन्ह्यात पहिल्या दोन-तीन दिवसांतच जागेवर जावं, डायरी वाचावी, ते शूटिंग स्वतः बघावं आणि काय राहिलंय ते लेखी द्यावं. लेखीच, कारण फोनवरून याला उचला, त्याला सोडा असं सांगणं म्हणजे देखरेख नाही, ती ढवळाढवळ झाली, आणि नंतर कुणी विचारलं तर त्याचा कागद कुठेच नसतो.

सुप्रीम कोर्टाने २०१४ साली गुजरातच्या किशनभाई खटल्यात सांगितलंय की आरोपी सुटला की का सुटला ते तपासा आणि चुकलेल्या अधिकाऱ्यावर जबाबदारी टाका. माझं म्हणणं, तेव्हा वरिष्ठांनी त्या तपासात कोणत्या तारखेला काय सूचना दिल्या तेही त्याच फाईलमध्ये बघा, एकही सूचना नसेल तर त्यांनाही उत्तर द्यायला लावा.

आणि हो, ९० दिवसांत फिर्यादीला तपास कुठवर आला ते कळवायचं असं कलम १९३ म्हणतं. आतेभाऊ अजून वाट बघतोय, ते पत्र गेलं का हेसुद्धा वरिष्ठांनीच बघायला हवं ना?

आपला,
एक नियमित वाचक